पोटनिवडणुकीची सुगी

सप्टेंबर सरत आला की जर्मनीतल्या या आमच्या गावात सकाळ उजाडते ती बारांच्या आवाजाने. द्राक्षं पिकली की साळुंकीच्या जातीची काळी पाखरं थव्याथव्याने मळ्यांवर उतरतात. त्यांना उडवायला टेकडीवर गॅसची नळकांडी लावलेली असतात, ती थोड्या थोड्या वेळाने धडाम करून वाजतात. नवा माणूस दचकतो. आम्ही जुने झालो, आम्ही चहा ओतत राहतो. मग ट्रॅक्टर सुरू होतात. ट्रॉलीतून रस ठिबकत जातो, रस्ता चिकट होतो, त्यावर गांधीलमाशा बसतात आणि अख्ख्या गल्लीला आंबट-गोड, किंचित कुबट वास सुटतो. दुपारपर्यंत नेकार नदीवरचं धुकं उठत नाही. मळेवाले आपल्या घराच्या दाराशी एक खराटा टांगतात. आत या, आमच्या घरची वाइन प्या, असा त्याचा अर्थ. गढूळ, अर्धवट आंबलेली नवी वाइन आणि कांदा घातलेला गरम खारा केक. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी ती वाइन ताकासारखी प्यायले होते आणि माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, मला हाताला धरून घरी आणलं होतं.

यंदाही सगळं तसंच आलं आहे. बार, ट्रॅक्टर, माशा, खराटे. लोक या दिवसांची वर्षभर वाट बघतात. मला मात्र तो वास आला की तोंड कडू होतं, आणि मी खिडकी लावून घेते.

ती पोटनिवडणूक तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत झाली होती.

आमचा म्हातारा ब्युर्गरमायस्टर, म्हणजे आपल्याकडचा नगराध्यक्ष, मुदत अर्धी असताना आजारी पडला आणि त्याने पद सोडलं. इथे असा मध्येच निवडलेला अध्यक्षही पूर्ण आठ वर्षांसाठी असतो. एरवी अशा निवडणुकीकडे शेजारच्या गावानेही मान वळवून बघितलं नसतं. पण त्या वर्षी बर्लिनमधलं सरकार डगमगत होतं. लोकांच्या मनात काय आहे हे कुणालाच कळत नव्हतं, आणि नेमकं तेव्हा मतदान व्हायचं ते फक्त आमच्याकडे. मग काय, सगळ्या देशाने आपला थर्मामीटर आमच्या तोंडात घातला. बाजारपेठेत टीव्हीच्या गाड्या उभ्या राहिल्या. बेकरीतल्या मुलीला वार्ताहर विचारायचे, तुम्हाला भीती वाटते का? ती विचारायची, कशाची? तेवढंच संध्याकाळी बातम्यांत दाखवायचे.

आमच्या पक्षाच्या उमेदवार होत्या फ्राउ त्सीगलर, म्हणजे त्सीगलर बाई. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माझ्या मुलीला, यशूला, वाचायला त्यांनी शिकवलं. कुठला कचरा कुठल्या डब्यात, रविवारी कपडे वाळत का घालायचे नाहीत, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांचा नवऱ्याकडून आलेला छोटा मळा होता, तिथे दर वर्षी तोडणीला मी जायचे. त्या निवडून येणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. माझ्या जन्माच्या आधीपासून टाउन हॉल आमच्या पक्षाकडे होता.

आमचा पक्ष म्हणते, कारण मी त्यात होते. ते वेड माझं नाही, बाबांचं. नागपूरला बाबांनी आयुष्यभर एका पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. सभेच्या आधी घालायच्या आणि सभा संपली की झटकून, गुंडाळून टेम्पोत टाकायच्या. तिकीट त्यांना कधी मिळालं नाही, आणि मिळेल असं त्यांना वाटणंही कधी थांबलं नाही. जर्मन पासपोर्ट हातात आल्यावर मी इथल्या पक्षाची सभासद झाले, तेव्हा बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तिथं तरी खुर्चीवर बस, बाई."

फोटोची कल्पना फ्राउ त्सीगलर यांची. तोडणीच्या दिवशी त्यांनी फोटोग्राफर बोलावला होता. मी नेहमीसारखी जुन्या जीन्समध्ये गेले, तर त्या म्हणाल्या, सुजाता, तुझी ती हिरवी साडी नेसून ये ना. द्राक्षं तोडायला साडी? मला हसू आलं. पण नेसले. चिखलात निऱ्या खोचून दोघींनी मिळून एक बादली धरली, त्या काहीतरी बोलल्या, मी खळखळून हसले, आणि तोच फोटो निवडला गेला. वर अक्षरं होती, आम्ही सगळे इथले. गावात शिरताना पहिल्या वळणावर मी, बेकरीसमोर मी, शाळेसमोर मी. पहिल्या दिवशी मिलिंद कारखान्यातून येताना गाडी हळू चालवत आला आणि म्हणाला, तुला बघत बघत आलो. तो खूश होता. मीही होते. यशू मात्र पोस्टरकडे बघायची नाही. नुकती सोळा पुरी झाली होती तिला. त्या वयात आईचं काहीच आवडत नाही, असं आम्ही समजलो.

विरुद्ध बाजूला उभे होते हेर बाउडर, म्हणजे श्रीयुत बाउडर. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. मला गाडी त्यांनीच शिकवली. मी दोनदा नापास झाले तरी एका शब्दाने बोलले नाहीत. उतारावर गाडी बंद पडली की म्हणायचे, आल्झो, म्हणजे बरं तर, पुन्हा एकदा, घाई नाही. त्यांचा पक्ष देशभर जे बोलायचा ते ऐकून अंगावर काटा यायचा, पण बाउडर स्वतः तसं काही बोलायचे नाहीत. ते रस्त्यांबद्दल बोलायचे, पोहण्याचा तलाव बंद पडला त्याबद्दल बोलायचे, आणि शेवटी खाली मान घालून म्हणायचे, हे गाव पुन्हा ओळखीचं वाटलं पाहिजे. लोक टाळ्या वाजवायचे. मीही एका सभेत मागे उभी राहून ऐकलं. ओळखीचं म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

आठवड्याभरात पोस्टरवर माझे डोळे काळे केलेले दिसले. मग मिशा. हे सगळ्यांच्याच पोस्टरवर करतात, असं फ्राउ त्सीगलर म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. त्यानंतर मात्र जे झालं ते फक्त माझंच झालं. एका सकाळी बघते तर पोस्टरमधून माझा चेहरा कापून नेलेला. रागाने फाडलेला नाही. धारदार पातं घेऊन, केसांच्या कडेकडेने, शांतपणे कापलेला. साडी तिथेच, बादली तिथेच, बादलीवरचा हात तिथेच, आणि मान जिथे संपते तिथे भोक. त्या भोकातून मागचा मळा दिसायचा. शेजारी फ्राउ त्सीगलर हसत होत्या, त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं. गावभर तेच. कामावर जाताना मी प्रत्येक खांबापाशी नजर दुसरीकडे वळवायचे, आणि तरी दिसायचं.

ते चेहरे कुठे गेले ते यशूच्या वर्गशिक्षिकेच्या फोनवरून कळलं. मुलांनी त्यांना रबर लावून मुखवटे केले होते. मधल्या सुट्टीत सातआठ जण माझा चेहरा घालून अंगणात फिरत होते, यशूच्या मागे मागे, तिने कुठेही वळावं तर समोर मी. काही मुली म्हणे 'मामा, मामा', म्हणजे जर्मनमध्ये 'आई, आई', करत तिच्या गळ्यात पडत होत्या. शिक्षिका म्हणाली, वयच असं आहे, खेळ म्हणून चाललं होतं, आता आम्ही बंद केलं आहे. यशू घरी आली तेव्हा मी दारातच उभी होते. मी मराठीत विचारलं, किती दिवस चाललं होतं हे? तिने बूट काढले, जागेवर ठेवले आणि जर्मनमध्ये म्हणाली, "इस्ट एगाल, मामा." काही फरक पडत नाही. आणि वर निघून गेली.

मी त्याच संध्याकाळी फ्राउ त्सीगलर यांच्याकडे गेले. पोस्टर काढा म्हणाले. मुलीला त्रास होतो आहे म्हणाले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. मग म्हणाल्या, आता काढलं तर आपण घाबरलो असं होईल, सगळा देश बघतो आहे. दुसऱ्या दिवशी नवी पोस्टरं लागली. तोच फोटो, आधीपेक्षा मोठा. चार दिवसांत त्यालाही भोकं पडली.

मतदानाच्या दिवशी पाऊस होता. शाळेच्या व्यायामशाळेत केंद्र होतं. मिलिंदने भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, म्हणून तो छत्री घेऊन बाहेर थांबला. आमच्या राज्यात गावच्या निवडणुकीला सोळा पुरी झाली की मत देता येतं, तेव्हा यशूचं ते पहिलंच मतदान. मी मत देऊन बाहेर आले तरी ती आडोशामागेच होती. मला वाटलं, पोरगी मन लावून वाचते आहे. आली, कागद पेटीत टाकला, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम हलकं झाल्यासारखं काहीतरी दिसलं. दाराशी मी म्हटलं, फोटो काढू या, पहिलं मत आहे. ती म्हणाली, फोटो नको.

सहाला दारं बंद झाली आणि आम्ही सगळे टाउन हॉलमध्ये जमलो. पडद्यावर एकेका भागाचे आकडे येऊ लागले. पहिला भाग गेला तेव्हा कुणीतरी विनोद केला. दुसरा गेला. तिसऱ्याला खोलीतला आवाज बसला. आमच्या स्वतःच्या गल्लीचा भाग आला, जिथे मी प्रत्येक दाराला नाताळात करंज्या नेऊन दिल्या आहेत, आणि सगळ्यात वाईट मतं तिथेच पडली होती. मी पडद्याकडे बघत मनात घरं मोजायला लागले. हे असेल का? ते असतील का? तो हिशेब एकदा सुरू झाला की थांबत नाही. सकाळी कुणी गुटन मॉर्गन म्हटलं तरी आत तोच चालतो.

फ्राउ त्सीगलर कॅमेऱ्यांसमोर फार चांगलं बोलल्या. लोकशाही, आदर, अभिनंदन. पाठ ताठ, आवाज स्थिर. नंतर जिन्यापाशी, जिथे कोट लावतात तिथे, त्या एकट्या सापडल्या. मी जवळ गेले, त्यांना मिठी मारायला हात पुढे केले. त्या मागे सरल्या नाहीत, पण पुढेही आल्या नाहीत. कोटाची बाही शोधत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या फोटोशिवाय आपण जिंकलो असतो, सुजाता."

मी त्यांची बाही सरळ करून दिली. का, ते मला आजही सांगता येत नाही. हात पुढे केलेलेच होते, त्यांना काहीतरी काम हवं होतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या गावाचं नाव सगळ्या जर्मनीच्या तोंडी झालं. एका संध्याकाळी मी इस्त्री करत होते आणि टीव्हीवर चर्चा लागली होती. चार जण गोलाकार बसलेले, आणि त्यांच्या मागे भिंतभर मी. हिरवी साडी, बादली, खळखळून हसणं. माझा एक दात चर्चेतल्या एका बाईच्या डोक्याएवढा दिसत होता. बर्लिनहून आलेला आमच्याच पक्षाचा एक मोठा माणूस म्हणाला, आपल्याला प्रामाणिकपणे विचारायला हवं, अशी चित्रं सामान्य माणसाला काय सांगतात. दुसरा म्हणाला, त्या चित्रातल्या बाईचा दोष नाही. तिसरी म्हणाली, नाही, त्या बाईचा दोष नाहीच, पण. तासभर चाललं. नाव कुणी घेतलं नाही. मी कोण, काय करते, इथे किती वर्षं राहते, कर कुठे भरते, कुणाला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. मिलिंदने टीव्ही बंद करायला हात नेला, मी म्हटलं, राहू दे, ऐकू दे. शर्टाची कॉलर करपली.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून बाबांचा व्हिडिओ कॉल. कुणीतरी त्या कार्यक्रमाचा तुकडा मोबाइलवर फिरवला होता, फिरत फिरत तो आमच्या वस्तीत पोचला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. म्हणाले, "काहून नाही सांगितलं आधी? अख्खी भिंत भरून तू!" त्यांना जर्मन येत नाही. त्यांना वाटलं, जर्मनीतली मोठी माणसं माझ्याबद्दल बोलताहेत, आणि ते खरंच होतं. त्यांनी वस्तीत पेढे वाटले होते. मागे चारपाच शेजारी उभे होते, त्यांनी हात हलवले. कुणी विचारलं, आता मंत्री करतात का काय? मी हसले. जसं पोस्टरवर हसले होते अगदी तसं. आता ते मला पाठ झालं होतं.

दिवाळी आली. आसपासची मराठी घरं नेकारसुल्मला एक हॉल घेऊन जमतात, बहुतेक सगळी मोटार कारखान्यातली. शिरीष हा मिलिंदचा जुना सहकारी, माझ्यानंतर थोड्याच दिवसांत जर्मन नागरिक झालेला, आमच्याच गावात घर बांधलेला. चकलीची बशी हातात घेऊन त्याने मोकळेपणाने सांगून टाकलं की त्याने बाउडरना मत दिलं. का, तर ते आपल्याबद्दल बोलतच नाहीत. ते बोलतात ते निर्वासितांच्या तंबूतून आलेल्या, काम न करणाऱ्या लोकांबद्दल. आपण वेगळे. मिलिंद काही बोलणार तेवढ्यात शिरीष माझ्याकडे वळला, समजूत घातल्यासारखा. म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण मिरवायची गरज काय होती? तुमच्या लोकांना पुढे पुढे करायची सवयच असते, त्यात बाकीच्यांची पंचाईत होते."

तुमच्या लोकांना. आम्ही बौद्ध. एवढी वर्षं एका पंगतीत जेवलो, त्याच्या मुलीला मी गोवरात सांभाळलं, आणि हा शब्द त्याच्या तोंडात एवढा तयार होता. आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. कुणी फराळाचं कौतुक करायला लागलं. बाउडरच्या पक्षाला आमच्यातला फरक दिसत नव्हता, आणि शिरीषला तोच एक फरक दिसत होता. आम्ही लवकर निघालो. गाडीत मिलिंद म्हणाला, पुन्हा जायचं नाही. आम्ही गेलो नाही, आणि कुणी बोलावलंही नाही.

त्या हिवाळ्यात बर्लिनचं सरकार पडलं नाही, पण वाकलं. ज्याला त्याला आमच्या गावाची भीती बसली. नेते भाषणात म्हणायचे, आपल्याला दुसरं ते गाव होऊ द्यायचं नाही. आमच्या पक्षाच्या पत्रकांतून 'स्वागत' हा शब्द गेला, 'सुव्यवस्था' आला. पुढच्या निवडणुकांत दूरच्या शहरांतसुद्धा पोस्टरवर नद्या दिसायला लागल्या, पूल दिसायला लागले, निळ्या आभाळाखाली उभा उमेदवार, एकटा. माझ्यासारखं कुणी त्याच्या शेजारी नव्हतं. पक्षाच्या सभेत एका तरुण कार्यकर्त्याने नवं धोरण समजावून सांगितलं, आणि सांगताना माझ्या खुर्चीकडे बघून दिलगिरीने हसला. मी सभासदत्व सोडलं. कुणी थांबवलं नाही.

माफी एकाच माणसाने मागितली. बेकरीच्या रांगेत हेर बाउडर माझ्या मागे उभे होते, गळ्यात मफलर, हातात कापडी पिशवी. हळू आवाजात म्हणाले, तुमच्या फोटोचं जे केलं ते मला आवडलं नाही, ती आमची माणसं असली तर मला लाज वाटते. मग म्हणाले, पण फ्राउ त्सीगलरनी तुम्हाला असं वापरायला नको होतं. मी थँक यू म्हटलं. बाहेर येऊन भिंतीला टेकले. जे वाक्य मला माझ्या माणसांकडून हवं होतं ते त्यांनी दिलं होतं, आणि ते मी घेतलंही होतं. आता ते परत कसं करणार?

फ्राउ त्सीगलर अजून समोरच राहतात. कुंपणापलीकडून हवेबद्दल बोलतात. तोडणीला दुसऱ्या बायका येतात. एकदा त्यांनी द्राक्षांची टोपली आमच्या पायरीवर ठेवली होती. मिलिंदने खाल्ली. गोड होती म्हणाला.

आणि गेल्या आठवड्यात यशू हॅम्बर्गला गेली, शिकायला. हाइलब्रॉन स्टेशनला तिला सोडायला मी एकटीच निघाले होते. टेकडीवर बार वाजत होते, पुढे एक ट्रॉली रस गाळत चालली होती, तिच्या मागे आम्ही गोगलगायीसारख्या. मी म्हटलं, तिकडे पाऊस फार, कोट जाड घे. म्हटलं, तिकडे मोठं शहर आहे, लोक बरे असतील. काय बोलत होते कुणास ठाऊक. मग म्हटलं, बरं झालं तू जातेस, या गावाने तुला काय दिलं? आपली मतं वाया गेली.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, तिचं मत वाया गेलं नव्हतं.

मला आधी कळलंच नाही. मी गाडी चालवत राहिले. तिने जर्मनमध्ये, अगदी सावकाश, मला नीट समजावं म्हणून सावकाश सांगितलं की तिने बाउडरना मत दिलं होतं. त्यांचा पक्ष तिला तेव्हाही आवडत नव्हता, आताही नाही. पण फ्राउ त्सीगलर जिंकल्या असत्या तर आठ वर्षं मी त्यांच्या बाजूला साडी नेसून उभी राहिले असते. प्रत्येक जत्रेत, प्रत्येक पेपरात. आणि दर वेळी शाळेत मुखवटे निघाले असते. तिला फक्त ते संपायला हवं होतं. आडोशामागे उभं राहून तिने दोन्ही नावं पुन्हा पुन्हा वाचली आणि जे लवकर संपवेल त्यावर फुली मारली.

मी विचारलं, "आणि आज मत द्यायचं असतं तर?"

ती म्हणाली, "गेनाऊ. अगदी तेच केलं असतं."

स्टेशन आलं. मी डिकी उघडली, तिने बॅग स्वतः उचलली. फलाटावर तिने मला मिठी मारली, घट्ट, लहानपणी मारायची तशी, आणि माझे हात कोटाच्या खिशातच राहिले. गाडी सुटली. तिने काचेतून हात हलवला, मग फोन काढून मला संदेश पाठवला, पोचले की कळवते. तिने कळवलंही. रोज कळवते, आज काय जेवली, खोली कशी आहे, तिथल्या बंदरात बोटीने कॉलेजला जाता येतं. मी प्रत्येक संदेशाला उत्तर देते.

तिचं चुकलं असं मी कुणासमोरही म्हणणार नाही. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.